मयताचं लाकूड

आमच्या घरी सरपणाला कधी तोटा पडला नाही. नाकेदाराच्या बायकोच्या नशिबी एवढं एक सुख असतंच. पगार बेताचा, गाव आडवळणाचं, पावसाळ्यात रस्ता बंद, पण चुलीपुढे बसून मागे हात केला की वाळलेलं, चिरलेलं लाकूड हाताला लागायचं. लग्नानंतर माहेरी धाडलेल्या पहिल्याच पत्रात मी लिहिलं होतं, ‘इथे सरपण फार चांगलं आहे.’ त्यावरून माझे भाऊ मला कित्येक वर्षं चिडवत. आता ते सरपण आठवलं की चिडवायला दुसरं कोणी लागत नाही, माझं मीच मला पुरेसं बोलून घेते.

पन्नासचं दशक अर्ध्याच्या वर सरलं होतं. चांदा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता आणि कोणता नियम चालू, कोणता बंद, हे कचेरीवाल्यांनाही धड ठाऊक नसे. अहेरीच्या वरच्या अंगाला, नदीच्या अलीकडे, रस्त्यावर आडवा बांबू टाकलेला आमचा नाका. तो बांबू उचलायचा, टाकायचा आणि जाणाऱ्या प्रत्येक बंडीतलं, म्हणजे बैलगाडीतलं, लाकूड तपासायचं, हे माझ्या नवऱ्याचं काम. त्यांच्यापाशी एक लोखंडी हातोडा असे. लाकडाच्या अंगावर तो ठोकला की सरकारी खूण उमटायची. खूण असलेलं लाकूड कायद्याचं, नसलेलं चोरीचं. हा हातोडा ते उशाशी घेऊन झोपत. मी त्याला माझी सवत म्हणत असे आणि ते खरोखरच चिडत.

वाईट नव्हते ते. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना कोणालाही तसं वाटेल. ते भित्रे होते. गरिबीतून नोकरीला लागलेला माणूस जसा भितो तसे. त्यांच्या आधीच्या नाकेदाराला दोन बंड्या सोडल्या म्हणून घरी बसवलं होतं आणि ती गोष्ट त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात इतक्यांदा सांगितली की त्या माणसाची बायको कशी दिसत असेल हेही मला पाठ झालं होतं.

आता थोडं निस्ताराविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जमीनदारी गेली, जंगल सरकारचं झालं, तरी गावाचा निस्तार राहिला होता. निस्तार म्हणजे घरापुरतं सरपण, कुंपणापुरते काटे, नांगरापुरतं लाकूड जंगलातून आणायचा हक्क. तो माणसाला नसे, गावाला असे. ज्याला गाव नाही, त्याने जंगलाच्या मधोमध राहूनही काडीला हात लावायचा नाही. आम्हांला यात काही विचित्र वाटत नव्हतं. गाव नसलेली माणसं आम्ही पाहिलीच नव्हती.

ती एका हिवाळ्यात ट्रकांतून आली. पूर्व बंगालातून पळालेली, मधली काही वर्षं रायपूरकडच्या छावणीत काढलेली, वीस-बावीस कुटुंबं. देशाचे दोन तुकडे झाले, तिकडे घरं जळाली, माणसं कापली गेली, हे पेपर वाचणाऱ्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात पेपर येत नसे. गाव एवढंच म्हणे, “तिकडे कोन्ती तरी लढाई सुरू हाये मनते.” लढाई कोणाची कोणाशी, हे कोणी विचारलं नाही. बायकांनी भोपळे नेऊन दिले, पोरांनी ट्रकांमागे धावून घेतलं आणि आठ दिवसांनी गाव आपल्या कामाला लागलं.

सरकारने त्यांच्यासाठी काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. नदीकाठच्या माळावर झोपड्या बांधून दिल्या. प्रत्येक झोपडीला सागाच्या बल्ल्या, वर गवत, भोवती बांबूचे तट्टे. विहीर खणली. घोंगड्या दिल्या, तांदूळ दिला. जंगल तोडून त्यांनी शेती करायची होती, म्हणून प्रत्येक घराला एकेक नवीकोरी कुऱ्हाड दिली. पण तोडायचं जंगल वनखात्याने अजून निर्वासितांचं पाहणाऱ्या खात्याच्या ताब्यात दिलंच नव्हतं. कागद नागपूरला गेले होते, तिथून मुंबईला जायचे होते. म्हणजे एका सरकारने कुऱ्हाड हातात दिली आणि दुसऱ्या सरकारने ती चालवायची नाही म्हणून सांगितलं. दुसरं सरकार म्हणजे आमचे हे. माघ महिन्यात दोघं बंगाली सुकल्या फांद्या तोडताना सापडले, तेव्हा यांनी त्यांच्या कुऱ्हाडी जप्त करून नाक्यात ठेवल्या. सरकारी कुऱ्हाड सरकारनेच जप्त केली, असं मी हसून म्हटलं. हे हसले नाहीत. छावणीवर जो साहेब नेमला होता त्याने मग सगळ्यांना गोळा करून बजावलं की पुन्हा एक जरी तक्रार आली, तरी ते घर परत रायपूरला जाईल.

त्यानंतर बंगाली माणूस झाडाकडे मान वर करूनसुद्धा पाहीना. चुलीसाठी छावणीच्या ट्रकातून लाकडं येत, तीही मोजकी, कधी येत, कधी येत नसत.

माझी सासू, मी तिला बाई म्हणत असे, तिला हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं. बाई काळी, लहानखुरी आणि तोंडाची फाटकी होती. टोकाच्या झोपडीतली बंगालीण रोज आमच्या घरामागच्या वाटेने गावात जायची. बाई तिला परसातून हाक मारून सरपणाची मोळी द्यायची. बंगालीण ती पदराखाली लपवून न्यायची, म्हणजे लपायची नाहीच, पण तिने पदर घेतला की आम्ही न पाहिल्यासारखं करायचं. दोघींची भाषा कशी जुळे कोण जाणे. बाई आमच्या झाडीपट्टीतली बोली बोले, ती बंगालीत हिंदी मिसळे आणि तासतासभर गप्पा चालत.

त्या गप्पांतूनच आम्हांला कळलं की तिचा नवरा नावा बांधणारा सुतार होता. घरात त्याची म्हातारी आई आणि लहान लेकरं होती. तिकडून पळताना सासरा वाटेत मेला आणि मागून माणसं येत होती म्हणून त्याला तसाच, अग्नीशिवाय, एका शेताच्या बांधावर ठेवून ही मंडळी पुढे आली. म्हातारीने तेव्हा मुलाकडून शब्द घेतला होता की मला तरी जाळशील. बाकी तिला काही नको होतं. जमीन मिळते की नाही, हे ती विचारतही नसे. बाईने ही गोष्ट रात्री जेवताना यांना सांगितली आणि म्हणाली, “डोकरीचा जीव त्याच्यातच अटकला हाये रे बाप्पा.”

हे म्हणाले, “मोळी देनं बंद कर आधी. कोनं पाह्यलं तं माहं काय होईल?”

वैशाखात म्हातारी गेली. सकाळची वेळ होती, ऊन चढायला लागलं होतं. छावणीचे साहेब चांद्याला मीटिंगला गेलेले, ट्रकही त्यांच्याबरोबर. सुतार सरळ नाक्यावर आला. अंगात सदरा नव्हता. बांबूच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, “माँ चला गया. लकड़ी चाहिए.”

मी दारात होते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. हे खुर्चीवरून उठले. त्यांनी त्याला पाणी दिलं. मग समजावायला लागले की लाकूड द्यायचा अधिकार त्यांना नाही, रेंजर साहेबांचा परवाना लागतो, ते अहेरीला असतात, आज दौऱ्यावर आहेत. सुताराने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेवढंच म्हणाला, “लकड़ी चाहिए.” तेव्हा यांना एक वाट सुचली. पाटलाकडे जा, म्हणाले. गावाने आपल्या निस्तारातून दिलं तर मी काही म्हणणार नाही.

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मनातून मी विरोध केला, असं आज लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, बरी वाट काढली हो यांनी, साप मेला आणि काठीही शाबूत राहिली.

आमच्या गावात मयत झालं की प्रत्येक घरून एक लाकूड जायचं. कोणी सांगायला येत नसे. घरचा माणूस परसातून एक लाकूड उचलायचा, खांद्यावर घ्यायचा आणि मसणाकडे चालू लागायचा. गरीब असो, मालदार असो, लाकूड एकच. वैर असलं तरी लाकूड चुकत नसे. ज्याच्या घरून लाकूड जातं तो गावचा आणि ज्याच्या मयताला लाकूड येतं तोही गावचा. आणि नेमकं इथेच गाव अडलं. पिंपळाखाली माणसं जमली. पाटील वाईट माणूस नव्हता, उलट भोपळे नेणाऱ्यांत त्याचीच बायको पहिली होती. पण भोपळा देणं वेगळं आणि लाकूड देणं वेगळं. भोपळा दिला की संपलं. लाकूड दिलं की माणूस गावात आला. मग तो निस्तार मागणार, गुरं चराईला सोडणार, तलावात मासे धरायला उतरणार. कोणी तरी बोलूनही दाखवलं, “आज लाकूड, उद्या तलाव.” टोल्यावरचे, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतले, गोंड भाऊ म्हणाले, आम्ही पुरतो, त्यांनीही पुरावं, खड्डा आम्ही खणून देतो. त्यात वाईट हेतू नव्हता. सुताराने हात जोडून नाही म्हटलं.

शेवटी पाटलाने निरोप धाडला की नाकेदाराने पहिलं लाकूड द्यावं, मग गाव देईल. यांनी उलट निरोप धाडला की गावाने पहिलं द्यावं, मी आडवा येणार नाही. उन्हात गावचा कोतवाल बिचारा पिंपळापासून नाक्यापर्यंत आणि नाक्यापासून पिंपळापर्यंत हेलपाटे घालत राहिला. तिकडे डोकरी झोपडीत होती आणि वैशाखाचं ऊन होतं.

बाईला कोणी विचारलं नव्हतं. ती उठली, परसात गेली, राशीतलं एक चांगलं जाड लाकूड तिने ओढून काढलं आणि खांद्यावर घेऊन घरातून पुढच्या अंगणात आली. यांनी नाक्यावरून पाहिलं आणि धावत आले.

“कुठी चालली?”

“डोकरीले लाकुड द्याले.”

“माय, आपल्या घरचं लाकुड गेलं तं सरकारनं परवानगी देल्ली असा अर्थ होते. साहेब मले इचारन. काऊन माही नोकरी खाते?”

बाईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तीच तर पंचाईत. तिच्या पोटचा होता तो आणि भेदरलेला होता. तिने लाकूड खांद्यावरून उतरवलं आणि अंगणात ठेवलं. हे म्हणाले, ते आत तरी ने, लोक पाहून राह्यले.

“मयताच्या नावानं उचललेलं लाकुड घरात नाई येत,” बाई म्हणाली. “इतलंही ठाऊक नाई तुले? चुलीत नाई जात, कुडाले नाई लागत. एकदा निंगालं का निंगालं.”

ते लाकूड तुळशीशेजारी पडून राहिलं. मी भाकऱ्या वाढल्या. कोणी धड जेवलं नाही.

ऊन कलल्यावर नदीकडून धूर निघाला. आधी कोणाला कळेना. मग पोरं ओरडत आली. टोकाची झोपडी जागेवर नव्हती. सुताराने आपलं घर मोडलं होतं. सरकारने दिलेल्या बल्ल्या काढल्या, तोडल्या, तट्टे घातले, छपराचं गवत घातलं आणि आईला अग्नी दिला. ते लाकूड त्याचं होतं, त्याच्या घराचं होतं, त्यावर हातोड्याची खूणही होती, त्याला कायदा काही म्हणू शकत नव्हता. हे नाक्याच्या बांबूला धरून धुराकडे पाहत उभे राहिले. सागाचा धूर मला वासाने ओळखता येतो, रोजच्या चुलीतला तो. त्या संध्याकाळी मला चूल पेटवावीशी वाटली नाही, आणि तरीही मी ती पेटवली, कारण माणसांना जेवायला लागतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाटील एक लाकूड खांद्यावर घेऊन घरातून निघाला. त्याला पाहून शेजारचा निघाला, मग त्याच्या शेजारचा. टोल्यावरूनही आले. बाईने अंगणातलं लाकूड उचललं, पण वाटेत तिला दम लागला म्हणून दुसरं टोक मी धरलं. हे घरातच होते. आम्ही दोघी ते लाकूड घेऊन नदीवर गेलो.

तिथे राख होती. सुतार आणि त्याची बायको अस्थी वेचत होती. इतकी माणसं लाकडं घेऊन येताना पाहून ती दोघं घाबरून उभी राहिली, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. मग पाटलाने आपलं लाकूड राखेच्या बाजूला ठेवलं, मागोमाग सगळ्यांनी ठेवलं. छातीएवढी रास झाली. एका मयताला लागतं त्याच्याहून जास्तच. सुतार रास पाहत राहिला. नंतर त्याने हळूच विचारलं, “अब?”

पाटील पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. बाईच तेवढी पुढे झाली आणि सुताराच्या बायकोला जवळ घेऊन तिने सगळं सांगितलं, आमच्यात लाकूड कसं देतात, कोण देतं आणि एकदा मयताच्या नावाने निघालेलं लाकूड परत का नेत नाहीत. सुतारही ऐकत होता. त्याने मान हलवली.

ती रास तिथेच राहिली. सुताराला घर उभं करायला लाकूड हवं होतं, ते समोर ढीगभर पडलं होतं, पण त्याने त्यातलं एकही उचललं नाही आणि आम्ही कोणी त्याला उचल म्हणू शकलो नाही. पुढे रेंजर साहेब आले, त्यांनी बेवारस माल म्हणून ती जप्त करायला सांगितली. एकही बंडीवाला ती भरायला तयार झाला नाही. शेवटी वाळवीने खाल्ली. नदीवर धुणं धुवायला गेले की मी तिकडे पाठ करून बसत असे.

छावणीचे साहेब परतले आणि म्हणाले, झोपडी एका कुटुंबाला एकदाच मंजूर होते. मोडली कोणी? तुम्हीच ना? साहेबांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या नियमात आईला जाळण्यासाठी घर मोडण्याचा रकाना नव्हता. सुताराचं बिऱ्हाड दोन घोंगड्या दोरीवर टाकून त्याखाली राहू लागलं. मृगाला थोडेच दिवस उरले होते.

यांचं जेवण तुटलं. नाक्यावर बसत, बांबू उचलत, टाकत, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडत. बाई त्यांना काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, ते मीच एकदा तिला म्हटलं. ती म्हणाली, “मी काय बोलू? त्याले समजते.” आणि एका संध्याकाळी हे वनखात्याच्या लाकूड डेपोतून बंडी घेऊन आले. डेपोत चिरा गेलेल्या, बाद ठरवलेल्या सागाच्या दोन फळ्या पडल्या होत्या, काही वाकड्या बल्ल्या होत्या. बाद माल असला तरी सरकारचाच, विकत घ्यायलासुद्धा परवानगी लागते. यांनी कोणाची परवानगी घेतली नाही. नाक्याच्या मागे बसून त्यांनी प्रत्येक लाकडावर आपल्या हाताने हातोडा ठोकला, खूण उमटवली आणि बंडी सुताराच्या दोरीपुढे नेऊन उभी केली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली त्यांची ती पहिली आणि शेवटची चोरी. एका फळीवर ठोका चुकून दोनदा पडला होता, एक खूण दुसऱ्या खुणेवर.

सुतारच तो. चार दिवसांत घर उभं केलं. भिंती कुडाच्याच, पण दोन फळ्यांचं दार असं बसवलं की चिमणीची चोच जाणार नाही. अख्ख्या छावणीत तेवढ्या एका घराला लाकडी दार होतं, बाकीच्यांना तट्टे. बंगालीण बाईला हाताला धरून ते दाखवायला घेऊन गेली. त्या रात्री हे पोटभर जेवले. “चला,” ताटावरून उठताना म्हणाले, “झालं.” मलाही वाटलं, झालं. एवढ्यात भागतं असं वाटायचं आमचं वय होतं.

श्रावणात बाईला ताप भरला. नदी भरून वाहत होती, अहेरीचा रस्ता बंद. डॉक्टर पलीकडच्या तीरावर. गावातल्यांनी पाला, मुळ्या, सगळं केलं. सुताराची बायको रोज येऊन तिचे पाय चेपत बसे. ताप उतरलाच नाही आणि बाई गेली. जाताना यांचा हात तिच्या हातात होता. काही बोलली असती तर मी ते इथे लिहिलं असतं, ती काही बोलली नाही.

श्रावणातलं मयत म्हणजे गावाची परीक्षा. लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या, वरून झड. आमची रास पुढे केली तर तीही छपराच्या पाण्याने खालपर्यंत भिजलेली. इतकी वर्षं सरपणाची मिजास केली आणि ऐन वेळी त्याने दगा दिला. गावाने मात्र चुकवलं नाही, प्रत्येक घरून लाकूड आलं. पाटील स्वतः दोन मैल चिखल तुडवत मसणात आला. पण पेटेना. राळ टाकली, रॉकेल ओतलं, धूर नुसता जमिनीवर लोळत होता. हे ओलेचिंब होऊन फुंकत होते आणि त्यांचा चेहरा मला पाहवत नव्हता. आमच्याकडे बायका मसणात जात नाहीत, पण बाईला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी गेले होते आणि कोणी मला परत जा म्हटलं नाही.

तेवढ्यात नदीच्या अंगाने बंगाली आले. प्रत्येकाच्या खांद्यावर काही ना काही होतं. कोणाकडे तट्ट्याचा तुकडा, कोणाकडे खाटेचा पाय, कोणाकडे कुऱ्हाडीचा दांडा. घरात, चुलीजवळ, पावसापासून जपलेली कोरडी लाकडं. प्रत्येक घरून एक. सगळ्यात शेवटी सुतार आला. त्याने पाठीवर घोंगडी घेतली होती आणि तिच्याखाली दोन फळ्या होत्या. त्या त्याने बाईच्या पायाशी टेकवल्या. एका फळीवर हातोड्याची खूण होती, एकीवर एक, दोनदा पडलेली.

यांनी ती ओळखली. मीही ओळखली. हे उठले आणि त्याच्या हाताला धरून म्हणाले, “हे काऊन आनलं? पानी पडून राह्यलं. तुहे लेकरं हाये घरात. घेऊन जाय. जाय ना भाऊ, घेऊन जाय.” ते जवळजवळ ओरडत होते. कोणाला भाऊ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

सुतार जागचा हलला नाही. दारासाठी रंधलेल्या त्या फळ्या गुळगुळीत होत्या, त्यांवरून त्याने तळहाताने पाणी निपटलं. मग आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “बाई ने बताया था. मुर्दे का लकड़ी वापस घर नहीं जाता.”

रीत आमचीच होती. यांनी दोन्ही फळ्या उचलल्या आणि आपल्या हाताने आईच्या अंगावर ठेवल्या. कोरडा साग, त्याला कितीसा वेळ लागतो. बघता बघता पेटला आणि त्याच्या जोरावर गावाची ओली लाकडंही धरली. बाई चांगली जळाली. लोक म्हणाले, भाग्याची होती.

घरी येऊन आंघोळी केल्या. पाटलाच्या घरून भात आला होता, तो तसाच राहिला. पाऊस वाढला, वाराही सुटला आणि नदीच्या बाजूने झड थेट आमच्या ओसरीत यायला लागली. हे खाटेवर बसून होते. हातोडा कोपऱ्यात पडला होता, त्यांनी तो उशाशी घेतला नाही. मी म्हटलं, सुताराच्या बिऱ्हाडाला आज इकडे बोलवायचं का, लेकरांना तरी? यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी कंदील घेऊन ओसरीपर्यंत गेले, बाहेर पाहिलं, पाण्यात पाऊल घातलं आणि मागे घेतलं. उद्या बघू, असं मनाशी म्हटलं. मग आत आले आणि आमच्या घराला दार होतं, ते लावून घेतलं.